हेलवानचं एचए-३००: विमानच कच्चं होतं, की इंजिनामुळे अडलं?

आभाळवेडा

मरुतबद्दल, म्हणजे बंगळूरला बांधलेल्या आपल्या लढाऊ जेट विमानाबद्दल, वाचता वाचता एका वेगळ्याच विमानाशी येऊन थांबलो आहे. नाव एचए-३००. इजिप्तमध्ये कैरोच्या दक्षिणेला हेलवान इथे बांधलेलं, आराखडा विली मेसरश्मिटचा, आणि ७ मार्च १९६४ला त्याचं पहिलं उड्डाण केलं ते आपल्या हवाई दलाचे चाचणी वैमानिक कपिल भार्गव यांनी! जर्मन डोकं, इजिप्तचा कारखाना, भारतीय वैमानिक. तीन नमुने बांधले, त्यातले दोन उडाले, आणि मे १९६९मध्ये सगळा प्रकल्प बंद. एकही विमान हवाई दलात दाखल झालं नाही.

जेवढं वाचलं त्यात दोन टोकं दिसली. काही म्हणतात इस्रायलशी झालेल्या १९६७च्या युद्धात इजिप्तचं कंबरडं मोडलं नसतं तर हे विमान रशियन मिग-२१च्या तोडीचं ठरलं असतं. काही म्हणतात ते मुळात कागदावरचंच स्वप्न होतं.

इथे हवाई दलात काम केलेले काहीजण आहेत म्हणून विचारतो. विमान खरंच चांगलं होतं का? अडलं नेमकं कुठे? आणि आपला वैमानिक तिथे गेला तो निव्वळ नेहरू-नासर मैत्रीखातर, की आपलंही काही अडलेलं होतं? हा तिसरा प्रश्न मला जास्त छळतो आहे. मैत्रीसाठी कोणी आपला प्रशिक्षित चाचणी वैमानिक दुसऱ्याच्या न उडालेल्या विमानात बसवत नाही, असं वाटतं.

---

जुना_फिटर

तुमचा तिसरा प्रश्न बरोबर नसेवर बोट ठेवणारा आहे. आपलं अडलेलं होतं, आणि चांगलंच अडलेलं होतं. तिथूनच सुरुवात करतो.

मी हवाई दलात इंजिन फिटर होतो. आधी नॅट हे चिमुकलं लढाऊ जेट, मग मरुत. दोन्हींत ऑर्फियस इंजिन: नॅटमध्ये एक, मरुतमध्ये शेजारी शेजारी दोन. एचए-३००चे पहिले दोन नमुनेही ऑर्फियसवरच उडाले, आणि तेसुद्धा ऑर्फियस ७०३, म्हणजे मरुतमधलंच. त्यामुळे ते विमान मी कधी पाहिलं नसलं तरी त्याच्या पोटात काय होतं ते मला हाताने माहीत आहे.

ऑर्फियस हे फार गुणी इंजिन. ब्रिस्टल कंपनीत स्टॅन्ली हूकर यांच्या हाताखाली झालेलं. पुढे हवा दाबणारा सात टप्प्यांचा कॉम्प्रेसर, मध्ये इंधन जळतं त्या सात फ्लेम ट्यूब, मागे त्या गरम वायूवर फिरणाऱ्या टर्बाइनचा एकच टप्पा. बस. इंजिन उतरवून स्टँडवर घेतलं की आम्ही पहिल्या टप्प्याच्या प्रत्येक ब्लेडच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवायचो. धावपट्टीवरचा एखादा खडा आत गेला असेल तर डोळ्याला दिसायच्या आधी नखाला कळतं. आणि ग्राउंड रननंतर, म्हणजे जमिनीवरच इंजिन चालवून बघितल्यावर, ते बंद केलं की एकजण घड्याळ घेऊन उभा आणि एकजण कान लावून. चक्र थांबायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. ठरल्यापेक्षा लवकर थांबलं, किंवा शेवटच्या फेऱ्यांत बारीक खरखर ऐकू आली, तर आत काहीतरी घासतंय. टर्बाइनचं ब्लेड लाल उष्णतेत वर्षानुवर्षं फिरून केसभर लांबतं आणि बाहेरच्या कड्याला लागतं. मला अजूनही पंखा बंद केला की तो थांबेपर्यंत कान तिकडेच जातो.

हे एवढं सांगितलं कारण विमानाचं धड आणि इंजिन या दोन कामांत किती फरक आहे ते त्या केसभर लांबणाऱ्या ब्लेडमध्ये आहे. धडाचा आराखडा हुशार माणसं चार-पाच वर्षांत उडवून दाखवतात. नवं इंजिन तेवढ्या काळात फक्त बाकावर फिरायला लागतं. ते शेकडो तास भरवशाने फिरेल असा धातू, तसं ओतकाम, तशी तपासणी हे सगळं उभं करायला कारखान्याची एक पिढी खर्ची पडते.

आता मरुत. त्याचे जर्मन आराखडाकार कुर्ट टँक १९५६मध्ये बंगळूरला आले, १७ जून १९६१ला चाचणी वैमानिक सुरंजन दास यांनी मरुत पहिल्यांदा उडवलं. धड असं देखणं, असं निमुळतं, की बघणाऱ्याला वाटावं हे ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणार. पण ते ज्या इंजिनासाठी आखलं होतं ते ऑर्फियस १२, आफ्टरबर्नरवालं (मागे पुन्हा इंधन पेटवून जादा बळ देणारं), कधी झालंच नाही. ज्या युरोपीय गरजेसाठी ते व्हायचं होतं ती गरज संपली. मग त्याचा पुढचा खर्च भारताने उचलावा असं आलं आणि आपण ते मान्य केलं नाही. म्हणून साधं ७०३ बसवलं, आणि मरुत जन्मभर अर्ध्या ताकदीवर उडलं.

साधा हिशोब मांडतो, आमच्या शेडमध्ये मांडायचो तसा. भरलेल्या विमानाच्या दर किलोमागे इंजिनाचा रेटा, म्हणजे पुढे ढकलायचं बळ, किती?

मरुत: विमान जवळपास ११ टन, दोन इंजिनांचा रेटा ४४०० किलो. किलोमागे ४०० ग्रॅम.

नॅट: ४ टन, रेटा दोन टनांच्या थोडा वर. किलोमागे ५०० ग्रॅम. म्हणून ते छोटं पोर तसं उसळायचं.

एचए-३००: पूर्ण भरून साडेपाच टनांच्या आत, एक ऑर्फियस, २२०० किलो. पुन्हा ४०० ग्रॅमच. म्हणजे एचए-३०० आणि मरुत एकाच आजाराचे रोगी होते.

त्या आजारावरचं औषध हेलवानला तयार होत होतं. नाव ई-३००. माणूस फर्डिनांड ब्रांडनर. हा ऑस्ट्रियन इंजिनिअर युद्धात जर्मनीत युंकर्सच्या इंजिनांवर होता, युद्धानंतर रशियाने त्याला उचलून नेलं, आणि तिथे त्याने ज्या इंजिनावर काम केलं ते पुढे एनके-१२ झालं. जगातलं सगळ्यात ताकदवान टर्बोप्रॉप, म्हणजे बाहेरचा पंखा फिरवणारं जेट इंजिन. तिथून सुटल्यावर तो इजिप्तला आला. हेलवानला विमानाच्या धडाचा कारखाना ३६ नंबरचा आणि इंजिनाचा १३५ नंबरचा. ई-३००कडून आफ्टरबर्नरसह ४८०० किलोच्या आसपास रेटा अपेक्षित होता. घाला हिशोबात: एचए-३००ला किलोमागे ४०० ग्रॅमऐवजी पाऊण किलोच्या वर. आणि अशी दोन इंजिनं मरुतमध्ये घातली तर तेवढंच मरुतलाही. (इंजिनाचं वाढलेलं वजन यात धरलेलं नाही, तेवढं कमी करून वाचा.)

म्हणून आपण तिथे होतो. आपल्याकडे उडणारं धड होतं आणि इंजिन नव्हतं. त्यांच्याकडे इंजिन आकाराला येत होतं, पण ते हवेत तपासायला विमान नव्हतं आणि चाचणी वैमानिक नव्हते. आपण वैमानिक दिला आणि एक मरुतही दिलं. त्या मरुताच्या एका कुशीत ऑर्फियस तसंच ठेवलं आणि दुसऱ्या कुशीत ई-३०० बसवलं. एचएफ-२४ मार्क १बीएक्स म्हणतात ते हेच. मार्च १९६७मध्ये ते हेलवानला उडालं. न जमलेली जोडी एका जुवाला लावून गाडी हाकायची तसं हे काम, फक्त हवेत.

आणि दहा आठवड्यांत, ५ जूनला, युद्ध सुरू झालं.

अवांतर: ज्यांनी गोव्याला दाबोळीवर किंवा नंतर अरक्कोणमला नौदलाची टीयू-१४२ ही मोठी टेहळणी विमानं ऐकली असतील, त्यांनी ब्रांडनरच्या त्या जुन्या इंजिनाचा आवाज ऐकला आहे. चार एनके-१२. छातीत घुमायचा. २०१७मध्ये ती विमानं निवृत्त झाली.

---

म्युनिकवासी

फिटरकाका, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला, कारण मी ते विमान पाहिलं आहे.

एचए-३००चा पहिला नमुना म्युनिकच्या उत्तरेला श्लाइसहाइमच्या जुन्या विमानतळावर आहे, जर्मन संग्रहालयाच्या विमान विभागात. इजिप्तहून १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आणला आणि काही वर्षं खपून नीट केला. मी तीनेक वर्षांपूर्वी मुलीला घेऊन गेलो होतो. तिला मोठी विमानं बघायची होती, मी मात्र यापाशी अडकलो.

पहिली गोष्ट जाणवते ती आकार. पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ५.८४ मीटर. दोरीच्या बाहेरून मी पावलं टाकून बघितली, आठ भरली. नंतर घरी येऊन पडताळलं तर नॅटचा पंखविस्तार ६.७३ मीटर. म्हणजे ज्या नॅटला आपण चिमुकलं म्हणतो त्याच्यापेक्षा याचे पंख आखूड! पण लांबी नॅटच्या जवळजवळ दीडपट, १२.४ मीटर. त्यामुळे ते विमानापेक्षा फेकायला घेतलेल्या भाल्यासारखं दिसतं. पंख त्रिकोणी आणि मागे शेपटीला वेगळे आडवे पंख, मिग-२१ची आठवण होते ती त्यामुळेच. वैमानिकाची जागा पाहिली तर धडात माणूस बसवला नसून माणसाभोवती धड ओढून घेतलंय असं वाटतं. भार्गव त्यात कसे मावले असतील, आणि पहिल्यांदा दार लावून घेताना त्यांना काय वाटलं असेल, याचा विचार करत मी बराच वेळ उभा होतो.

मेसरश्मिट स्पेनला का गेला हा भागही इथे जोडतो. युद्धानंतर जर्मनीत विमानं बांधायला १९५५पर्यंत बंदी होती. त्यामुळे मोठमोठे आराखडाकार जगभर पांगले. टँक आधी अर्जेंटिनाला गेले, तिथे कोर्दोबाला त्यांचं पुल्की-२ झालं (तेही पाचच नमुन्यांवर थांबलं), आणि मग बंगळूर. मेसरश्मिट गेला सेव्हिलला, हिस्पानो कंपनीकडे. तिथे आधी त्याने एचए-२०० हे प्रशिक्षण जेट केलं, ते उत्पादनात गेलं आणि इजिप्तनेही परवान्यावर बांधलं. एचए-३०० हा त्याच घरातला पुढचा भाऊ. स्पेनला खर्च झेपेना म्हणून १९६०च्या सुमारास त्यांनी सोडलं आणि इजिप्तने उचललं.

---

शंकासूर

जुना_फिटर आणि म्युनिकवासी, दोघांचंही लिखाण मन लावून वाचलं. पण दुसरी बाजू कोणीतरी मांडायला हवी, कारण न झालेल्या विमानांवर प्रेम बसणं फार सोपं असतं. झालेल्या विमानांचे दोष दिसतात. न झालेल्यांचे झाकलेलेच राहतात.

कॅनडाचं ॲव्हरो ॲरो घ्या. २५ मार्च १९५८ला उडालं, २० फेब्रुवारी १९५९ला बंद झालं. तिथेही हीच इंजिनाची गोष्ट आहे: पहिली पाच विमानं अमेरिकन इंजिनांवर उडाली, स्वतःचं इरोक्वा इंजिन घेऊन सहावं उडायच्या बेतात असताना सगळ्यावर करवत चालली. पण ॲरोने उसन्या इंजिनांवरसुद्धा ध्वनीच्या जवळजवळ दुप्पट वेग गाठून दाखवला होता. एचए-३०० मॅक १.१३च्या, म्हणजे ध्वनीच्या १.१३ पट वेगाच्या, पुढे गेल्याचं कुठे नाही. मॅक दोनचा दावा हा शेवटपर्यंत दावाच राहिला.

दुसरं, लढाऊ विमान म्हणजे धड अधिक इंजिन एवढंच नाही. एचए-३००च्या आराखड्यात तोफा होत्या, उष्णता शोधणारी क्षेपणास्त्रं होती. उडालेल्या नमुन्यांनी यातलं काय सिद्ध केलं? इतक्या बारीक धडात इंधन किती मावणार आणि ते किती मिनिटं हवेत राहणार? फिटरसाहेबांचा रेट्याचा हिशोब बरोबर आहे, पण आफ्टरबर्नर इंधन अक्षरशः पितो. पाऊण किलोचा रेटा काही मिनिटंच मिळाला असता.

तिसरं, आणि माझ्या मते खरं कारण: तोपर्यंत मिग-२१ दारात उभं होतं. इजिप्तकडे ते १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून होतं. आपल्याकडे १९६३ला आलं आणि पुढे नाशिकजवळ ओझरला त्याची जुळणी सुरू झाली. इंजिनं कोरापूटला. तयार, सिद्ध, ध्वनीच्या दुप्पट वेगाचं विमान सवलतीत मिळत असताना कुठलं सरकार पाच वर्षं न संपलेल्या प्रयोगावर पैसे ओतत राहील? १९६७चं युद्ध झालं नसतं तरी हे झालंच असतं. युद्धाने फक्त तारीख अलीकडे आणली.

---

आभाळवेडा

सगळ्यांचे मनापासून आभार. शंकासूर यांचा मिगचा मुद्दा पटतो आहे. पण मग फिटरकाका, एक सांगा. एचए-३०० सोडून द्या. ई-३०० पूर्ण झालं असतं तर मरुतला ते खरंच लागलं असतं का? की तिथेही आपण मनाचे मांडे खातोय? आणि तुम्ही मरुतवर होतात तेव्हा शेडमध्ये या इंजिनाबद्दल कोणी बोलायचं का?

---

जुना_फिटर

शंकासूर, तुमचे पहिले दोन मुद्दे मला मान्य आहेत. मॅक दोनचा दावा मीही केलेला नाही आणि करणार नाही. तिसरा नमुना, जो ई-३०० घालून उडायचा होता, तो जमिनीवरच धावला. त्याने पाय उचलले नाहीत, त्यामुळे त्याच्याबद्दल छातीठोकपणे बोलायचा हक्क कोणालाच नाही.

तिसऱ्या मुद्द्यावर मात्र थांबवतो. मिग-२१ आलं म्हणून एचए-३००ची गरज संपली, हे इजिप्तसाठी खरं. आपल्यासाठी मिगने मरुतची जागा कधी घेतलीच नाही. ती दोन वेगळी कामं होती. मिग-२१ उंचावर चढून शत्रूचं विमान अडवणारं. मरुत जमिनीलगत वेगाने जाऊन मारा करणारं. १९७१ला पश्चिम आघाडीवर राजस्थानात मरुत वाळूच्या इतक्या जवळून जायची, आणि एका इंजिनाला गोळी लागून दुसऱ्यावर घरी परत आलेलं मरुतही आहे. ज्यांनी हे उडवलं ते त्याच्या स्थैर्याची आजही तारीफ करतात. त्या कामाला मिग नव्हतं लागत. लागत होतं ते अजून थोडं बळ.

आता आभाळवेडा, तुमचा प्रश्न. लागलं असतं का? सरळ उचलून बसवण्यासारखं नव्हतंच. आफ्टरबर्नरवालं इंजिन लांब असतं, मागचा भाग नव्याने करावा लागतो. हवा जास्त खातं, म्हणजे हवेची तोंडं आणि आतल्या नळ्या मोठ्या कराव्या लागतात. वजन मागे सरकतं, मग तोल सांभाळायला पुढे काहीतरी हलवायचं. हे सगळं करायला टँकसारखा माणूस हाताशी हवा, आणि टँक १९६७ला भारत सोडून गेले. त्याच वर्षी हेलवानचा मरुत उडाला. एका हाताने घेतलं आणि दुसऱ्या हाताने निसटलं, असं ते वर्ष.

आपल्याकडे स्वस्थ बसले होते असंही नाही. रशियन आरडी-९एफ इंजिन बघून झालं, ते मरुतला मानवलं नाही. मग बंगळूरला ऑर्फियस ७०३लाच आफ्टरबर्नर जोडायचा प्रयत्न झाला. ते विमान मार्क १आर. कोणाला माहीत नसेल तर आफ्टरबर्नर म्हणजे टर्बाइनच्या मागे, जेटपाइपमध्ये, पुन्हा इंधन फवारून पेटवायचं. कल्पना सोपी, पण पाइपचं तोंड त्या वेळी मोठं व्हायला हवं आणि ज्योत धरून ठेवायला आत कडी बसवावी लागतात. ती कडीच हवेच्या वाटेत आडवी येतात. म्हणजे आफ्टरबर्नर पेटवलेला नसतानाही थोडं बळ कायमचं गमवावं लागतं. आधीच उपाशी असलेल्या मरुतला हा उपास जड होता.

१० जानेवारी १९७०ला सुरंजन दास त्या मार्क १आरमध्येच गेले. बंगळूरला, उड्डाण घेताना. ज्या माणसाने मरुत पहिल्यांदा हवेत नेलं तोच. मी त्यानंतर सेवेत आलो, पण जुने लोक त्यांचं नाव घेताना हातातलं काम थांबवायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ई-३०० बंद होऊन तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध जोडायला मी जाणार नाही. पण हेलवानचं इंजिन वेळेत हाती आलं असतं तर मार्क १आरची वाट धरावी लागली नसती, हे मनातून जात नाही.

शेडमध्ये बोलायचे का? बोलायचे. आमच्या एका वॉरंट ऑफिसरना या इंजिनाचा फार ध्यास. एकदा दुपारी ऑर्फियस स्टँडवर उघडं होतं, जेवणाची सुट्टी होती. त्यांनी खडू घेतला, इंजिनाच्या तोंडाखाली जमिनीवर एक खूण केली, शेपटीखाली दुसरी, आणि मध्ये रेघ ओढली. सव्वासहा फूट. मग त्याच पहिल्या खुणेपासून शेजारी दुसरी रेघ सुरू केली आणि ओढत ओढत मागच्या ट्रॉलीच्या चाकापर्यंत नेली. म्हणाले, "हे आफ्टरबर्नरवालं. आता सांगा, मरुतच्या पोटात हे कुठून कुठवर बसेल?" आम्ही पाच-सहाजण. जेवणाचे डबे तसेच. कोणी म्हणालं इथे फ्रेम कापायची, कोणी म्हणालं शेपूट लांबवायची, एकाने तर टाकीची जागाच बदलून टाकली. अर्धा तास वाद चालला. आम्ही काही इंजिनिअर नव्हतो, सगळे पान्हा चालवणारे. पण त्या अर्ध्या तासात मला पहिल्यांदा कळलं की विमान घडवणं म्हणजे नेमकं काय करणं असतं. त्याआधी मी फक्त ते चालू ठेवत होतो.

एकूण १४७ मरुत बांधली गेली. प्रत्येकात दोन ऑर्फियस. कितीतरी माझ्या नखाखालून गेली असतील.

म्युनिकवासी, तुमच्याकडे एक मागणं आहे. एचए-३००चं धड ई-३०० धरून आखलेलं, आणि तुम्ही पाहिलेल्या पहिल्या नमुन्यात मात्र ऑर्फियस बसवून उडवलं. म्हणजे मोठ्या माणसाचा सदरा लहान पोराला. मागच्या बाजूने जेटपाइपचं तोंड आणि धडाची कड यांच्यामध्ये किती जागा सुटली आहे, ती कशाने भरून काढली आहे, की तशीच ठेवली आहे, हे मला बघायचं आहे. सगळे लोक विमानाचे फोटो नाकाकडून काढतात. परत गेलात तर शेपटीच्या रेषेत, गुडघ्यावर बसून, एक फोटो काढाल का? शक्य असेल तर पाइपात टॉर्च मारून. आत टर्बाइन अजून आहे की नुसतं नळकांडं आहे तेही दिसेल.

---

म्युनिकवासी

काका, येत्या रविवारी जातो. दोरीच्या पलीकडे जाऊ देणार नाहीत, पण शेपटीची बाजू मोकळी आहे असं आठवतंय. मुलगी म्हणते आहे टॉर्च ती धरणार. फोटो इथेच टाकतो.